मे महिन्यात रंगवलं, दिवाळीला पोपडे: लोखंडी स्ट्रक्चरवरच्या इपॉक्सी-पीयू रंगाचं निदान आणि दुरुस्ती

लोटे-परशुराम, महाड, तळोजा, तारापूर, कोकणपट्टीतली कुठलीही एमआयडीसी घ्या. पाइपरॅक, टाकीचा जिना, शेडचे कॉलम पावसाच्या आधी घाईघाईत रंगवले जातात. गणपतीपर्यंत कडांवर तपकिरी रेघ उमटते, दिवाळीपर्यंत हाताएवढे पोपडे निघतात आणि पुढच्या मे महिन्यात त्याच जागी तोच रंग परत चढतो. तिसऱ्या वर्षी मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, ‘आता ग्राफीनवालं काहीतरी आलंय, ते मारून बघू.’

ते मारण्याआधी जुना रंग कुठल्या थरातून सुटला, ते बघा. थर साधारण तीन: लोखंडाला लागून प्रायमर (अनेकदा जस्ताचा, म्हणजे झिंक), मध्ये इपॉक्सी आणि वर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं फिनिश. गेल्या काही वर्षांत आलेले रंग खरोखर चांगले आहेत, पण त्यातला प्रत्येक एका ठरावीक दुखण्यावरचं औषध आहे. दुखणं न ओळखता औषध बदललं, तर डबा महाग होतो आणि पोपडा तेवढाच निघतो.

पोपडा उलटा करून बघा

सामान थोडंच लागतं: कटर, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पीएच पेपर, रुंद पारदर्शक चिकटपट्टी, जाडी मोजायचं इलेक्ट्रॉनिक गेज आणि नमुने ठेवायला झिपच्या पिशव्या. नमुने किमान तीन प्रकारच्या जागांवरून घ्या: कड किंवा वेल्डिंगजवळ, सपाट भागावर आणि खालच्या बाजूला, जिथे पाणी लोंबतं. प्रत्येक पिशवीवर जागा लिहा, नाहीतर संध्याकाळी सगळे पोपडे सारखेच दिसतात.

पोपड्याच्या पाठीला गंज चिकटून आलाय, किंवा निळसर-काळा चकचकीत थर आलाय? मग दोष लोखंडाच्या तयारीत आहे. तो काळा थर म्हणजे मिल स्केल, गरम लोखंड लाटताना बसलेलं ऑक्साइड. वायर ब्रशने तो जात नाही, उलट चकाकतो आणि ‘साफ झालं’ असं वाटतं. भेगेतून पाणी शिरलं की मिल स्केल आणि उघडं लोखंड यांची बॅटरी तयार होते. त्यात झिजतं ते लोखंड, आणि स्केल वरच्या रंगासकट सुटतो. ग्राइंडरला कप ब्रश लावून केलेली ‘सफाई’ याच वर्गातली. तिने पृष्ठभाग घासून गुळगुळीत होतो, रंगाला पकडायला दात राहत नाहीत.

पाठ प्रायमरच्याच रंगाची, स्वच्छ, आणि खाली लोखंडही बरंचसं उजळ असेल, तर क्षार, दव किंवा तेल यांच्यावर संशय घ्या. प्रायमर लोखंडावर घट्ट आहे आणि फक्त फिनिश सोलून आलं, तर भानगड दोन कोटांच्या मधली आहे. आणि थर मधूनच फाटला, म्हणजे पोपड्याच्या पाठीलाही पूड आणि खालीही पूड, तर तो कोट नीट पिकलेलाच, म्हणजे आतून रासायनिक क्रिया पूर्ण होऊन घट्ट झालेलाच नाही. झिंक प्रायमरमध्ये हे जास्त दिसतं. स्प्रे लांबून मारला, थेंब हवेतच सुकले, आणि लोखंडावर रंगाऐवजी भुकटी बसली.

ओले फोड सापडले तर फोडताना वास घ्या. थिनरचा वास आला तर सॉल्व्हंट अडकलंय. वास नाही, नुसतं पाणी आहे, तर पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

मीठ: न दिसणारं, म्हणून सगळ्यात महाग

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. रंगाखाली नेमकं तेच होतं. इपॉक्सीचा थर पाण्याची वाफ हळूहळू आत घेतो. खाली मीठ असेल तर ते बाहेरचं पाणी आपल्याकडे ओढतं, दाब वाढतो आणि रंग फुगतो. पावसाळ्याचे चार महिने लोखंड सतत ओलं असल्यामुळे हे जून ते सप्टेंबरमध्ये घडतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात फोड सुकून पोपडे दिसतात. म्हणूनच ‘पावसाने रंग घालवला’ असं वाटतं. प्रत्यक्षात मीठ एप्रिल-मेमध्येच रंगाखाली बंद झालेलं असतं.

ते डोळ्यांना दिसत नाही. एसए २½ पर्यंत ब्लास्ट केलेल्या, म्हणजे हवेच्या जोरावर ग्रिट (खरखरीत कण) मारून जवळपास पूर्ण साफ केलेल्या राखाडी-पांढऱ्या लोखंडावरही असू शकतं. मोजण्याची रीत ब्रेसल पॅचची आहे (आयएसओ ८५०२-६ आणि ८५०२-९). १२.५ चौरस सेंटिमीटरचा चिकट पॅच लावायचा. १५ मिली डिस्टिल्ड वॉटर मोजून घ्यायचं आणि त्याची वाहकता आधीच नोंदवायची. त्यातलं सुमारे ३ मिली सिरिंजने पॅचमध्ये सोडून आत-बाहेर करायचं, परत त्याच पाण्यात मिसळायचं आणि वाहकता पुन्हा मोजायची. दोन आकड्यांतला फरक गुणिले ६, म्हणजे दर चौरस मीटरवरचे मिलिग्रॅम. समजा, कोरं पाणी २ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर होतं आणि नंतर १४ झालं. फरक १२, म्हणजे ७२ मिलिग्रॅम. पाणी १५ ऐवजी १० मिली घेतलं तर ६ च्या जागी ४ ने गुणायचं. इथे गफलत करून ‘पास’ झालेले रिपोर्ट भरपूर फिरत असतात.

मर्यादा किती धरायची? जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांसाठी ५० मिलिग्रॅम चालतात, समुद्रातल्या स्ट्रक्चरसाठी आयएसओ १२९४४-९ वीसच्या वर जाऊ देत नाही. खाडीलगतच्या किंवा क्लोरीन, आम्ल हाताळणाऱ्या कारखान्यात वीसच धरा.

आता नेहमीची चूक: मीठ ब्लास्टिंगने जाईल ही समजूत. सपाट भागावरचं जातं, पण खड्ड्यांतलं मीठ ग्रिट ठोकून आणखी आत बसवतं. म्हणून क्रम असा ठेवा. आधी गोड्या पाण्याने २००-३०० बार दाबाने धुणं, मग ब्लास्टिंग, मग चाचणी. आकडा जास्त आला तर पुन्हा धुणं, वाळवणं आणि हलकं स्वीप ब्लास्टिंग. धुतल्यावर ब्लास्ट केलेलं लोखंड तासाभरात नारिंगी पडतं, त्याला घाबरू नका. तो गंज स्वीपने निघतो, खड्ड्यातलं मीठ निघत नाही.

पाणी कुठलं, हेही बघा. किनाऱ्याजवळच्या बोअरचं पाणी अनेकदा मचूळ असतं. त्याने धुणं म्हणजे मीठ लावणंच. पाण्याचा टँकर आत घेण्याआधी तेच वाहकता मीटर टँकरमध्ये बुडवा. परत परत वापरलेलं ग्रिटही तपासा: मूठभर ग्रिट डिस्टिल्ड पाण्यात हलवून ठेवा, वर तेलाचा तवंग येतो का आणि वाहकता किती चढते ते पाहा. कंप्रेसरच्या हवेची परीक्षा त्याहून सोपी. नळीपुढे पांढरा कोरा कपडा मिनिटभर धरायचा. ओल किंवा तेलाचा डाग दिसला तर आधी फिल्टर आणि ड्रेन.

दव: ८५ टक्क्यांचा नियम पुरत नाही

साइटवर सगळ्यांना पाठ असतं, आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की रंगकाम बंद. दुसरा नियम मात्र विसरला जातो: लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं) किमान ३ अंश जास्त हवं. हिशोब करून पाहा. हवा २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के, तर दवबिंदू सुमारे २५.२. म्हणजे लोखंड २८.२ च्या वर हवं. सावलीतला कॉलम हवेएवढाच, २८ वर असतो. पहिल्या नियमात पास, दुसऱ्यात नापास. ३० अंश आणि ७५ टक्क्यांना दवबिंदू २५.१ येतो, तिथे आरामात काम होतं.

लोखंडाचं तापमान इन्फ्रारेड गनने घेऊ नका. ब्लास्ट केलेल्या चकाकत्या पृष्ठभागावर तिचा आकडा फसवा येतो. चुंबकाने चिकटणारा साधा थर्मामीटर लावा, तोही सावलीच्या आणि खालच्या बाजूला.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवसा आभाळ निरभ्र, हवा कोरडी, म्हणून ठेकेदार संध्याकाळी सहापर्यंत स्प्रे चालवतो. रात्री उघड्या आभाळाखाली लोखंड हवेपेक्षाही थंड होतं आणि पहाटे त्यावर दव बसतं. तोपर्यंत रंग पिकलेला नसतो. त्या दिवसांत शेवटचा हात दुपारी तीनच्या आत संपवा.

अर्धवट पिकलेल्या इपॉक्सीवर दव पडलं की काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण ‘फिनिश सोललं’ या तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच असतं. हार्डनरमधलं (रंगात कालवायच्या, त्याला पिकवणाऱ्या दुसऱ्या भागातलं) अमाइन वर येतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल यांच्याशी जुळून त्याचं कार्बामेट बनतं. इपॉक्सीवर तुपकट, कधी पांढुरकी साय धरते. इंग्रजीतलं ‘अमाइन ब्लश’ हेच नाव साइटवरही चालतं. सायीवर पीयू मारला की तो सायीला चिकटतो, इपॉक्सीला नाही. पहिल्या पावसात साय विरघळते आणि पीयू चादरीसारखा निघतो.

ओळखायचं कसं? पृष्ठभागावर डिस्टिल्ड पाण्याचे दोन थेंब टाकून थोडं चोळा आणि पीएच पेपर लावा. कागद अल्कली दाखवत असेल, म्हणजे आकडा ९ च्या आसपास किंवा वर असेल, तर साय आहे. थिनरच्या फडक्याने पुसायची सवय इथे नडते, कारण ती साय थिनरमध्ये विरघळत नाही, फक्त सगळीकडे पसरते. कोमट पाणी, नायलॉनचा ब्रश, भरपूर खळबळणं, वाळवणं आणि पुन्हा पीएच. मग ८०-१२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून पुढचा कोट.

कडा, बोल्ट, जोडांच्या फटी

रंग ओला असताना कडेवरून मागे सरकतो. सपाट भागावर २५० मायक्रॉन असतील तिथे धारदार कडेवर त्याचा लहानसा हिस्साच उरतो. उपाय जुनाच आहे: कड घासून किमान २ मिलिमीटर त्रिज्येची गोल करा, वेल्डिंगचे शिंतोडे काढा आणि प्रत्येक पूर्ण कोटाआधी कडा, वेल्डिंग, बोल्ट, भोकं ब्रशने हाताने रंगवा. रोलरने नाही. रोलर खड्ड्यावरून पूल बांधून जातो.

पाठीला पाठ लावलेले अँगल आणि तुटक वेल्डिंगच्या फटी रंगाने बंद होत नाहीत. तिथून वर्षभर गंजाचं पाणी गळतं. प्रायमर झाल्यावर पॉलियुरेथेन सीलंट भरा, मग वरचे कोट.

तीळ पडल्यासारखा गंज

सगळ्या सपाट भागावर बारीक, सारख्या अंतरावर तपकिरी ठिपके दिसले, तर ब्लास्टिंगची शिखरं रंगाच्या वर डोकावतायत. प्रोफाइल (ब्लास्टिंगने पडलेल्या खाचांची खोली) १०० मायक्रॉन आणि झिंक प्रायमर ६० मायक्रॉन, असं गणित कसं जमणार? इपॉक्सी सिस्टिमला ५० ते ८५ मायक्रॉन प्रोफाइल ठीक. मोजायला खाचांचा ठसा घेणारी रेप्लिका टेप वापरा. टेपच्या प्लॅस्टिकची जाडी, ५० मायक्रॉन, वजा करायला विसरू नका.

जाडीच्या गेजचाही एक सापळा आहे. गुळगुळीत पट्टीवर शून्य केलेलं गेज ब्लास्ट केलेल्या लोखंडावर जास्त दाखवतं. आयएसओ १९८४० प्रमाणे मध्यम प्रोफाइलला २५ मायक्रॉन वजा करायचे, भरड प्रोफाइलला ४०. म्हणजे गेजवर ६० दिसलेला प्रायमर खरा ३५ च असू शकतो! पास-नापासही त्याच मानकात आहे: एकही रीडिंग ठरलेल्या जाडीच्या ८० टक्क्यांखाली नको, आणि ८० ते १०० टक्क्यांमधली रीडिंगं एकूण रीडिंगांच्या वीस टक्क्यांहून कमी हवीत.

पीयू फिनिशचे रोग

फिनिशमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं, बुडबुडे, दुसऱ्या दिवशी चमक गेलेली: ओल. पीयूच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट पाण्याशी जुळलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. उघडा राहिलेला हार्डनरचा डबा हवेतली ओल खेचतो. गढूळ झालेला किंवा साका धरलेला हार्डनर फेकून द्या, गाळून वापरू नका.

फिनिश आठवड्यानंतरही नखाने दबतंय? थिनर विचारा. दुकानात स्वस्त मिळणारं एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचं) थिनर बहुतेक वेळा पीयूत ओतलेलं सापडतं. त्यात अल्कोहोल असतं, ते आयसोसायनेट खाऊन टाकतं आणि रंग कायमचा अर्धकच्चा राहतो. याला दुरुस्ती नाही, काढूनच टाकावा लागतो. पीयूला त्याच कंपनीचं पीयू थिनर.

मे महिन्यात दुपारी उन्हातला पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो. त्यावर स्प्रे केला की वरची कातडी लगेच धरते आणि आतलं सॉल्व्हंट फोड करून बाहेर पडतं. सकाळी दव उतरल्यानंतर आणि ऊन चढायच्या आत, किंवा सावलीची बाजू आधी. आणि पीयू स्प्रे करणाऱ्याला साधा कापडी मास्क देऊ नका. आयसोसायनेटने होणारा दमा आयुष्यभर सोबत राहतो. बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा किंवा पाइप असेल तर प्रकरण वेगळं. त्यावर ऑइल पेंट मारला की तेलाचा जस्ताशी साबण बनतो आणि वर्षा-दोन वर्षांत सगळा रंग सालीसारखा उतरतो. कंपनी कितीही बदला. हलकं स्वीप ब्लास्टिंग किंवा पेपरने खरवडणं, मग इपॉक्सी प्रायमर, मग पीयू.

नवीन रंग: कुठला कुठल्या दुखण्यावर

फेनाल्कामाइन हार्डनर. कोकणासाठी हे सगळ्यात कामाचं, आणि कच्चा मालही आपल्याच ओळखीचा: काजूच्या टरफलातलं तेल. हाताला लागलं की कातडी सोलते ते हेच, आणि किनाऱ्यावर लाकडी होड्यांना ते चोपडण्याची रीत जुनी. त्यातल्या कार्डानॉलपासून बनलेला हार्डनर ओलसर हवेत आणि कमी तापमानातही पिकतो, साय फार कमी धरतो आणि पुढचा कोट मारायला जास्त दिवस मुभा देतो. इपॉक्सी आणि पीयूच्या मधून सुटत असेल, तर पुढच्या वेळी मधला कोट फेनाल्कामाइनचा मागा. त्याची मूळ छटा पिवळट-तपकिरी असते, म्हणून वरचं पांढरं फिनिश पातळ ठेवलं तर खालचं डोकावतं. ओलसर हवा चालते याचा अर्थ पाण्याचे थेंब चालतात असा नाही.

ॲक्टिव्हेटेड झिंक. झिंक इपॉक्सीत जस्ताचे कण एकमेकांना आणि लोखंडाला टेकले तरच लोखंडाऐवजी जस्त झिजतं. साध्या मिश्रणात बरेचसे कण राळेत एकटे पडून वाया जातात. नव्या प्रकारात काचेचे पोकळ गोळे आणि एक ॲक्टिव्हेटर घालून जास्त जस्त कामाला लावलेलं असतं, बारीक भेगाही पुढे कमी पसरतात. ओरखडे पडणाऱ्या जागी, म्हणजे रेलिंग, मचाणं, बोल्टभोवती याचा फायदा दिसतो. पण जस्ताला उघडं लोखंड टेकायलाच हवं. वायर ब्रशने घासलेल्या गंजावर झिंक मारणं म्हणजे पैसे जाळणं, मग ते कुठल्याही पिढीचं असो.

पॉलिअस्पार्टिक. एका कोटात जाड बसतो, लवकर सुकतो, उन्हात रंग टिकवतो. झिंक आणि पॉलिअस्पार्टिक अशी दोन कोटांची सिस्टिम शटडाउनच्या मोजक्या दिवसांत बसते, एक कोट वाचतो. मात्र ओल याला घाई करते. दमट दिवशी डब्यातला वेळ, म्हणजे कालवल्यावर रंग वापरण्याजोगा राहतो तो, माहितीपत्रकातल्या आकड्यापेक्षा कमी मिळतो. एका वेळी थोडाच कालवा.

पॉलिसिलोक्सेन. चमक आणि रंग बराच काळ टिकतात आणि बहुतेक प्रकारांत आयसोसायनेट नसतं. रंगाऱ्यांच्या फुप्फुसांचा विचार करणाऱ्यांनी पीयूऐवजी हा पाहावा.

ग्राफीन. ग्राफीनचे पातळ पापुद्रे थरात आडवे पसरले तर पाण्याला आणि क्षाराला नागमोडी वाटेने जावं लागतं, एवढी कल्पना खरी आहे. पण ते वीज वाहून नेतं, आणि दोघं एकत्र ओले झाले की झिजतं ते लोखंड, ग्राफीन नाही. नीट न पसरता गोळे राहिले आणि तिथे थर फुटला, तर लोखंडाचा गंज थांबण्याऐवजी वाढू शकतो. नावाला भुलू नका. विकणाऱ्याकडे चाचणीचे रिपोर्ट मागा, तेही नुसत्या सॉल्ट स्प्रेचे नकोत. २०१८ च्या आयएसओ १२९४४ मध्ये समुद्री वातावरणासाठी आठवड्याचं चक्र दिलंय: ७२ तास अतिनील किरण आणि दव, ७२ तास मिठाचा फवारा, २४ तास उणे २० अंश. अशी २५ चक्रं, एकूण ४२०० तास. नुसत्या मिठाच्या फवाऱ्यातल्या ‘हजार तासांचं’ वर्षांत रूपांतर होत नाही.

सरफेस टॉलरंट मॅस्टिक, म्हणजे अपुऱ्या सफाईवरही बसणारा जाड इपॉक्सी. जिथे ब्लास्टिंगला परवानगीच नाही, म्हणजे चालू प्लांट, ज्वलनशील वायू, तिथे दुसरा पर्याय नसतो. ‘टॉलरंट’ म्हणजे चिकटून बसलेला गंज चालतो. सैल गंज, मीठ आणि तेल चालत नाही. लहान डागांसाठी ब्रिसल ब्लास्टर (तारांच्या टोकांनी ठोकणारं हातातलं फिरतं हत्यार) चांगला, कारण तो गंज काढतो आणि दातही पाडतो. कप ब्रशचा चकचकाट त्यात होत नाही. ठिणग्या मात्र यातही उडू शकतात, तेव्हा हॉट वर्क परमिटशिवाय नाही.

दुरुस्ती: १०० चौरस मीटरचं उदाहरण

किनारी औद्योगिक वातावरण आयएसओ १२९४४ मध्ये सी५ वर्गात येतं. जुनी सी५-आय आणि सी५-एम ही नावं २०१८ मध्ये गेली. पंधरा ते पंचवीस वर्षांच्या अपेक्षेला झिंकसह किमान २६० मायक्रॉन लागतात. आपण २७० धरू: झिंक इपॉक्सी ६०, एमआयओ (अभ्रकासारख्या चपट्या कणांचं लोह ऑक्साइड) इपॉक्सी १५०, पीयू ६०.

किती रंग लागेल? डब्यावरचा घन भागाचा (सुकल्यावर उरणाऱ्या भागाचा) टक्का गुणिले १०, भागिले कोरडी जाडी, म्हणजे लिटरमागे चौरस मीटर. घन भाग अनुक्रमे ५५, ७५ आणि ५० टक्के असतील आणि अँगल-चॅनलवरच्या स्प्रेमध्ये ३५ टक्के वाया जात असेल, तर झिंक सुमारे १७ लिटर, एमआयओ ३१ लिटर आणि पीयू १८.५ लिटर. कोटेशनमध्ये याच्या निम्मा रंग दिसला तर जाडी कुठून येणार, हे तिथेच विचारा. ओली जाडी तपासायची कंगवापट्टी प्रत्येक रंगाऱ्याच्या खिशात हवी: ७५ टक्के घन भागाचा रंग १५० कोरडा हवा तर २०० ओला. पाच टक्के थिनर घातलं की तोच आकडा २१० होतो.

आधी तेल-ग्रीस डिटर्जंटने काढा, मग गोड्या पाण्याने धुवा. कडा घासा. एसए २½ पर्यंत ब्लास्ट करा, गार्नेट किंवा कॉपर स्लॅगने. वाळू नको, सिलिकोसिस होतो. जुना रंग शेंदूर प्रायमरचा असेल तर धुळीत शिसं असेल, त्यासाठी कनात, मास्क आणि कचऱ्याची वेगळी सोय हवी. धूळ ओढून घ्या, चिकटपट्टी दाबून तपासा. क्षाराची चाचणी. आणि गंज परत फिरण्याआधी, त्याच पाळीत झिंक. दमट दिवशी ‘चार तास मिळतात’ यावर विसंबू नका, लोखंडाचा रंग बदलतोय का ते पाहा.

डब्याचे भाग अंदाजाने पाडू नका. ४:१ चा २० लिटरचा सेट म्हणजे १६ आणि ४. अर्धा लागणार असेल तर मोजमापाचं भांडं वापरा. आधी बेस पॅडल मिक्सरने तळ खरवडून कालवा, मग हार्डनर घालून पुन्हा तीन-चार मिनिटं. माहितीपत्रकात मुरायला १५-३० मिनिटं सांगितली असतील तर तेवढी द्या. दर १० अंश वाढले की डब्यातला वेळ साधारण निम्मा होतो. घट्ट व्हायला लागलेला रंग थिनर ओतून ‘चालवणं’ हा पुढच्या वर्षीच्या पोपड्याचा पाया. झिंक सतत ढवळत राहायला हवं, नाहीतर जस्त तळाला आणि स्प्रेमध्ये नुसती राळ.

झिंक कोट पावसात उघडा राहिला असेल तर पांढरी भुकटी धरते. ती गोड्या पाण्याने आणि नायलॉन ब्रशने काढल्याशिवाय एमआयओ मारू नका. दोन कोटांमधला कमाल वेळ उलटून गेला असेल, आणि शटडाउनमध्ये तो उलटतोच, तर पेपरने खरवडणं चुकवू नका.

फक्त डाग दुरुस्त करत असाल तर शाबूत रंगाची कड ५-७ सेंटिमीटर उतरती घासा. नख अडकता कामा नये. जुना रंग कुठला हे माहीत नसेल तर एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) किंवा झायलीन या सॉल्व्हंटचा बोळा पाच मिनिटं दाबून ठेवा. रंग विरघळून बोळ्याला लागला तर तो एका डब्याचा, हार्डनर न लागणारा रंग आहे, इपॉक्सीचं सॉल्व्हंट त्याला सुरकुत्या पाडून उचलेल. तिथे आधी चौरस मीटरभर नमुना मारून दिवसभर थांबा.

जाडी दर १० चौरस मीटरमागे पाच जागी, प्रत्येक जागी तीन रीडिंग, आणि प्रत्येक कोटानंतर. शेवटी एकदाच मोजली तर झिंक किती आणि पीयू किती, हे कोणालाच सांगता येत नाही. सात दिवसांनी लपलेल्या एका कोपऱ्यात कटरने फुली मारून चिकटपट्टी ओढून पाहा आणि ती जागा लगेच टचअप करा. पहिली तपासणी पुढच्या मेपर्यंत लांबवू नका. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, फोड अजून ओले असताना, भिंग आणि पिशव्या घेऊन त्याच तीन प्रकारच्या जागांवर परत जा.